हे गृहस्थ अधूनमधून येतात

“बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘जातो’ म्हणू द्यायचं नाही गं अरुणा. ‘येतो’ म्हणायला लावायचं. आणि मागाहून कुणी विचारलं तर आपणही ‘गेले’ म्हणायचं नाही. ‘येतील’ म्हणायचं.”

हे मला सासूबाईंनी लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं. त्या वेळी लाटणं त्यांच्या हातात होतं, त्यामुळे शंका विचारण्याचा प्रश्न आला नाही. पुढे सासूबाई गेल्या (इथे तो शब्द वापरावाच लागतो), पण त्यांचं सांगणं मी बावीस वर्षं पाळलं. त्याचं फळ म्हणून एक दिवस माझ्या लग्नाच्या नवऱ्याबद्दल, सोसायटीच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासकट, ‘हे गृहस्थ सदर बाईंकडे अधूनमधून येतात’ असं मला लिहून मिळेल, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी मुळातच हळू बोलते. शेजारणी म्हणतात, अरुणाताईंकडे वाटी मागायला गेलं तर कान पुढे करावा लागतो. त्यातून गेल्या चातुर्मासात मी दोन नेम धरले होते: खोटं बोलायचं नाही, आणि कुणाला उलटून बोलायचं नाही. पहिला माझा दरवर्षीचाच. दुसरा नवा. नाशिकहून नेरूळला आल्याला जेमतेम महिना झाला होता; म्हटलं, नव्या जागी चार माणसांशी गोडीनं सुरुवात करावी. देवाला परीक्षा घेण्याची हौस असते म्हणतात, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. कार्तिकीला नेम सुटला. तेव्हा आता लिहिते.

हे एका बॉयलरच्या कंपनीत आहेत. कंपनीनं यांची बदली नाशिकहून दिघ्याच्या कारखान्यावर केली. बदली म्हणजे नुसती कागदावरची. यांचं काम पहिल्यासारखंच: कुठल्या तरी साखर कारखान्याचा बॉयलर बसला की यांनी बॅग उचलायची. शहाऐंशीच्या जूनमध्ये आम्ही नेरूळच्या नव्या इमारतीत सामान उतरवलं, आणि तिसऱ्या दिवशी, पंख्याला हूकसुद्धा लागलं नव्हतं तेव्हा, हे “येतो” म्हणून निघाले ते सतरा दिवसांनी आले. आले, दोन दिवस झोपले, पुन्हा “येतो”.

घर हलवण्याचा खर्च कंपनीनं दिला होता. ट्रक, बांधाबांध, आमचा प्रवास, सगळ्याच्या पावत्या यांनी लावल्या होत्या. ऑगस्टात कंपनीच्या अकाउंट्स खात्याचं पत्र आलं. हे तेव्हा श्रीरामपुरात बॉयलरच्या आत होते, म्हणून मी फोडलं.

पत्रात नियम होता. तो मी चार वेळा वाचला, कारण मला स्तोत्रंसुद्धा तीन आवर्तनांशिवाय कळत नाहीत. नियमाचा अर्थ असा: बदलीमुळे घर हलवलं आणि त्याचा खरोखर झालेला खर्च कंपनीनं दिला, तर तो पगार नाही, त्यावर प्राप्तिकर नाही. पण बदली खरी पाहिजे. माणूस नव्या गावी राहायला पाहिजे. आणि ‘आपण महिन्यातील बहुतांश दिवस दौऱ्यावर असल्याने आपले वास्तव्य नेरूळ येथे हलले किंवा कसे, याचा बोध होत नाही. पंधरा दिवसांत पुरावा न दिल्यास सदर रक्कम पगार समजण्यात येईल.’

बोध होत नाही! अहो, माझी आठ मडकी फुटली त्या ट्रकमध्ये. ती काय दौऱ्यावर होती? ज्या कंपनीनं माणसाला महिन्यातले वीस दिवस घराबाहेर ठेवायचं, तिनंच पुन्हा विचारायचं, की तुम्ही घरी राहता कशावरून? मला इतका राग आला की त्या दिवशी वाती वळताना सगळ्या जाड झाल्या.

यांना पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड आलं: ‘काळजी नसावी. सोसायटीचा दाखला घेऊन अकाउंट्समधल्या पोतनिसांना दे. मी सोळाला येतो.’ यांचं सोळा म्हणजे साधारण वीस धरायचं.

आता दाखला म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. पण खालच्या मजल्यावरच्या जयमालाबाईंनी जिन्यातच मला थांबवलं.

“नुसत्या दाखल्यानं भागत नाही हो! माझ्या दिरानं मागच्या वर्षी सगळं भोगलंय. रेशनकार्ड पायजे.”

“रेशनकार्डावर नाव चढवायला हे स्वतः लागतात,” मी म्हटलं.

“मग त्यांना बोलवा.”

“ते घरी नसतात, म्हणूनच तर कार्ड हवंय ना.”

“असं?” जयमालाबाईंनी क्षणभर विचार केला. “मग त्यांचे शर्ट वाळत घाला गॅलरीत. रोज. लोकांना दिसूं दे. चौकशीला कोण आलं तर आम्ही सांगू, काल निळा होता, आज पांढरा.”

सल्ला वाईट नव्हता, पण माझा पहिला नेम आड आला. न वापरलेला शर्ट वाळत घालणं म्हणजे दोरीवर टांगलेलं खोटंच. शेवटी मी अशी तोड काढली, की कपाटातले यांचे शर्ट खरोखरच कोंदट वास मारत होते, तेव्हा ते खरोखरच धुवायचे. पाच शर्ट धुतले. खाडीच्या वाऱ्यानं त्यातला एक उडून समोरच्या बांधकामावर पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथला मुकादम तो घालून दिसू लागला. जयमालाबाई मला विश्वासानं म्हणाल्या, “काल मिस्टरांना पाठमोरं बघितलं हो, सिमेंटच्या गाडीपाशी!” नेम होता म्हणून मी खरं ते सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

दाखला द्यायचा तो आमच्या सेक्रेटरींनी, रावसाहेबांनी. रावसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. तहसील कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाल्यावर ते लोकांनी त्यांना दिलं आणि त्यांनी ठेवून घेतलं. माणूस सरळ. पण ‘सदरहू’शिवाय वाक्य सुरू होत नाही आणि चौकशीशिवाय सही होत नाही. मी अर्ज दिला. त्यांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून वाचला.

“चौकशी करून देतो, वहिनी. परवा न्या.”

परवा बंद पाकीट मिळालं. दुसऱ्याच्या हातचं बंद पाकीट आपण फोडू नये, या संस्कारानं मी ते फोडलं नाही. त्या संस्काराचंही मी पुढे बघणार आहे.

सोमवारचा उपास होता. नेरूळहून बस, बेलापूर रस्त्यावर दुसरी बस, आणि दिघ्याला उतरून कारखान्याच्या फाटकापर्यंत चिखलातून पंधरा मिनिटं. अकाउंट्समध्ये जयप्रकाश पोतनीस म्हणून गृहस्थ बसले होते. उंच, सौम्य, आणि टाचणी तोंडात धरून बोलणारे. त्यांनी आधी पावत्या काढल्या.

“हे टॅक्सीचं बिल कसलं? ट्रक होता ना?”

“देव होते,” मी म्हटलं. देवघरातले देव ट्रकमध्ये चपलांच्या पोत्याशेजारी घालायचे, हे मला जमणारं नव्हतं. मी ते नाशिकपासून मांडीवर घेऊन आले होते.

पोतनिसांना ऐकू आलं नसावं. “किती जण?”

“सात.”

त्यांनी लिहिलं. मग टाचणी काढून माझ्याकडे पाहिलं. “सात पॅसेंजर? बाई, टॅक्सीला चारचा नियम आहे. हे ऑडिटमध्ये कसं बसणार?”

मी हळूच सांगितलं: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक, शाळिग्राम, गणपती आणि शंख. पोतनीस विचारात पडले. कुटुंबीय म्हणावं तर फॉर्मात वय लिहावं लागतं. सामान म्हणावं तर सामान ट्रकमध्ये का नाही? माझ्या देवांना कुणी ‘सामान’ म्हणावं आणि मी उपाशीपोटी ऐकून घ्यावं! पण उलटून बोलायचं नव्हतं. शेवटी त्यांनी ‘नाजूक वस्तू, हाताने आणलेल्या’ असं लिहिलं. शंखाला मी ‘वस्तू’ एक वेळ समजू शकते. पण अन्नपूर्णा?

मग त्यांनी रावसाहेबांचं पाकीट फोडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं.

“‘सदरहू दाखला देण्यात येतो की, इमारतीच्या खोली क्रमांक अकरामध्ये सौ. अरुणा खांबेटे या कायम राहतात. श्री. खांबेटे नावाचे गृहस्थ सदर बाईंकडे अधूनमधून येतात व एक-दोन दिवस राहून निघून जातात, असे चौकशीअंती समजते. त्यांच्या वर्तनाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार नाही.’”

खोलीत टाइपरायटर वाजत होता, तो थांबला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी खाली वाकून चप्पल शोधू लागली. ती तिच्या पायातच होती. चहा घेऊन आलेला शिपाई चहा न देताच परतला.

मी मंगळागौरीची पूजा पाच वर्षं न चुकता केलेली बाई. बावीस वर्षं वटसावित्रीला हाच नवरा मागितलेला, तोही सात जन्मांच्या हिशोबानं. आणि याच नवऱ्याबद्दल ‘तक्रार नाही’? म्हणजे तक्रार असती तर काय, सोसायटीनं त्यांचं येणं बंद केलं असतं?

“बाई,” पोतनीस अगदी हळू म्हणाले, “माझा यावर काही... तसा आक्षेप नाही. पण नियमाप्रमाणे ‘येतात’ म्हणजे दौरा होतो. बदलीला ‘राहतात’ पायजे. उद्या प्राप्तिकरवाल्यांनी विचारलं तर मी काय दाखवू? नवा दाखला आणा. शुक्रवारपर्यंत.”

मी नमस्कार करून बाहेर आले. फाटकापाशी एक दगड होता, त्यावर बसले. पाणीसुद्धा प्यायले नाही. खर्च पगारात धरा, त्यावर कर कापा, सगळा पगार कापा. पण तो कागद त्या फायलीत तसाच राहणार होता, आणि दरवर्षी कुणीतरी ऑडिटवाला तो उघडून वाचणार होता. मला फक्त तो कागद खोटा ठरायला हवा होता. दुसरं काही नको होतं.

संध्याकाळी मी रावसाहेबांच्या दारात उभी राहिले. माझ्याबरोबर करिमाभाभी होती. आमच्याच मजल्यावरची, माहेरची उरणकडची, नवरा परदेशी बोटीवर. तिचं खरं नाव करिमुन्निसा, पण एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला वेळ आहे? तिला मी सगळं सांगितलं होतं आणि ‘तू काही बोलू नकोस’ असंही सांगितलं होतं.

“रावसाहेब,” मी म्हटलं, “तुम्ही असं का लिहिलंत?”

“चौकशी करून लिहिलंय, वहिनी. मी सत्तावीस वर्षांत ऐकीव लिहिलेलं नाही.” त्यांनी वही काढली. वॉचमन दत्तूची जबानी त्यांनी चक्क लिहून घेतली होती! “हे पहा. दत्तूनं तुम्हाला अकरा वेळा विचारलं, ‘साहेब गेले का?’ प्रत्येक वेळी तुमचं उत्तर, ‘येतील.’ दूधवाल्याला, ‘येतील.’ जयमालाबाईंना, ‘येतात ना, आले की सांगते.’ राहणारा माणूस कामावर जातो, वहिनी. गेला की लोक म्हणतात, गेला. तुमच्या तोंडून ‘गेले’ असं एकदाही कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा जे गृहस्थ कधी जातच नाहीत, नुसते येतात, त्यांना मी काय लिहायचं?”

सासूबाईंचं लाटणं डोळ्यांसमोर आलं.

“अवो, पन ‘गेले’ कसं म्हनायचं बायकोनं?” करिमाभाभीला आता धरणं शक्य नव्हतं. “आमच्यात पन नाय म्हनत! आनि अदूनमदून म्हंजे काय? माजा घरवाला दोन वर्सांनी येतो बोटीवरनं. त्याला काय लिवनार तुमी? पावना? वर्तनाबद्दल तक्रार नाय? लिवा तर खरं, मी बगते!”

“तुमचा दाखला कुणी मागितलेला नाही, भाभी.”

“मागूं दे तर!”

रावसाहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच साधे दिसतात. “वहिनी, माझी चूक झाली असेल. मी बदलून देतो. पण मला एक तरी गोष्ट दाखवा. रेशनकार्ड नाही. सभेला ते आलेले नाहीत. आणि हे.” त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. दत्तूची रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी पहाटे पाचला पाणी आलं की कुणीतरी खाली जाऊन पंप चालू करायचा आणि गच्चीच्या टाकीचा व्हॉल्व फिरवायचा, नाहीतर सोळाही घरं दिवसभर कोरडी. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आमच्या खोलीसमोर रेघ होती, आणि रेघेवर बारीक अक्षरात: ‘पुरुष माणूस नाही.’

“पाळी मी करते,” मी म्हटलं.

“माजी मीच करते,” करिमाभाभी म्हणाली.

“करा की. पण त्यानं तुम्ही राहता हे ठरेल. तुमच्याबद्दल कुणाचं दुमत नाही.”

नेम धरलेल्या बाईला दुसऱ्याच्या वतीनं शब्द देता येतो का, हे मला कुठल्या पोथीत सापडलेलं नाही. पण त्या तक्त्यावरचे ते तीन शब्द वाचल्यावर पोथी आठवली नाही. मी म्हटलं, “येत्या रविवारची पाळी यांची लिहा.”

“ते असतील?”

“असतील.”

“शब्द?”

“शब्द.”

रावसाहेबांनी रेघ खोडून नाव लिहिलं. मग कोरा कागद पुढे ओढला. “तुमच्या शब्दावर लिहितो, वहिनी. सांगा तुम्हीच, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. ‘श्री. खांबेटे हे सदर खोलीत कायम राहतात.’ पुढे? महिन्यातले वीस दिवस घरी का नसतात, तेही यायला पायजे. नाहीतर पोतनीस परत पाठवतील.”

पुढचा शब्द मला माहीत होता. जिभेच्या टोकावर होता. बावीस वर्षांत तो मी यांच्याबद्दल कधी उच्चारला नव्हता, आणि हे त्या क्षणी श्रीरामपूरला पेटत्या भट्टीशेजारी उभे असणार. करिमाभाभीनं माझा हात धरला. रावसाहेब टाक धरून थांबले.

शेवटी मी कागद माझ्याकडे ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘व नोकरीच्या कामासाठी परगावी जातात.’ लिहिलं, बोलले नाही. वर जाऊन देवापुढे निरांजन लावलं आणि अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केली. जेवले नाही, कारण सोमवारचा उपास आता कागदाचा झाला होता, आणि तसला उपास कधी सोडायचा ते शास्त्रात कुठं लिहिलंय, मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी पोतनिसांनी दाखला वाचला, मनातल्या मनात. “आता बदली झाली,” ते म्हणाले आणि टाचणी लावली. जुना कागद त्यांनी मला परत दिला. मी न मागता. त्या माणसाचं बरं होवो. त्या कागदाचे मी बसस्टॉपवर इतके बारीक तुकडे केले, की कंडक्टरला वाटलं माझं तिकीट हरवलं.

पण खरी काळजी तिथून सुरू झाली. दाखला शब्दावर होता. रविवारी पहाटे हे खाली उतरले नाहीत, तर तो खोटा. आणि तो माझ्या हातचा. यांना मी तार केली: ‘शनिवारी या. पाळी आहे.’ कसली पाळी ते तारेत लिहिलं नव्हतं, प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. हे काय समजले असतील देव जाणे, पण शनिवारी संध्याकाळी सातला, कधी नव्हे ते, सांगितल्या दिवशी आले. अंगाला राखेचा वास, डोळे लाल. तीन रात्री बॉयलरपाशी काढल्या होत्या म्हणे.

मी सगळं सांगितलं. ‘तक्रार नाही’पाशी हे हसले. इतके हसले की ठसका लागला. मी भात वाढला, उलटून बोलले नाही. नेमच होता. पण माझ्याकडे बघून यांचं हसणं थांबलं.

“रेघेवर काय लिहिलं होतं म्हणालीस?”

मी सांगितलं.

यांनी ताटातला भात बाजूला सारला. “उद्या पाचला ना? जाईन मी,” एवढंच म्हणाले, आणि ताटावरच पेंगू लागले. हात धुवायला मला उठवावं लागलं.

पहाटे चारला मी उठले तेव्हा हे पालथे, गाढ झोपले होते. मी अंघोळ केली, देव मांडले. पावणेपाच झाले. हाक मारायला मी दोनदा दाराशी आले आणि दोनदा परतले. एवढ्या थकल्या माणसाला उठवायचं ते कशासाठी, तर एका कागदासाठी? शेवटी मी देवापुढे डोळे मिटून बसले आणि ठरवलं, दत्तूनं काल आणून दिलेली व्हॉल्वची चावी आपणच घ्यायची. दाखला खोटा ठरला तर ठरू दे. खिळ्याकडे हात केला, तर तिथे चावी नव्हती.

बाहेरचं दार किंचित उघडं होतं. बाहेर जिन्यात हे उभे होते, कालच्याच शर्टात, बटणं चुकीची लावलेली. चावी दातांत धरली होती. शेजारी जागे होऊ नयेत म्हणून चपला काढून हातात घेतल्या, आणि भिंतीला धरून अंधाऱ्या जिन्याची एकेक पायरी चाचपत हे खाली उतरू लागले.